भागीरथी नदी व हर्सिल खोरे
भागीरथी : उत्तराखंड राज्यातील हिमनदीतून उगम पावणारी, गंगेची एक शीर्षनदी. सुमारे ३० किमी. लांबीच्या गंगोत्री हिमनदीच्या गोमुख या टोकाशी, सुमारे ४,००० मी. उंचीवर ती प्रकट होते. गंगोत्रीच्या खाली भैरोंघाटीजवळ तिला जाडगंगा मिळते. देवप्रयाग येथे अलकनंदेशी संगम झाल्यावर प्रवाहाला गंगा म्हणतात. वितळत्या बर्फामुळे उन्हाळ्यात पाणी वाढते आणि दगडांच्या पिठासारख्या गाळाने ते राखट दिसते. हिवाळ्यात ते ओसरून निवळते.

अरुंद घळईतून बाहेर पडलेली नदी हर्सिलजवळ (सुमारे २,६०० मी.) रुंद, सपाट पात्रात पसरते. वस्ती आणि शेतीला जागा मिळाली ती येथेच. एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक विल्सन या इंग्रजाने टिहरीच्या राजाकडून जंगलाचा ठेका घेतला, देवदाराचे ओंडके नदीतून खाली सोडून रेल्वेच्या स्लीपरांसाठी विकले आणि सफरचंदाची लागवड आणली. जंगल उजाड करणारा हाच माणूस आजच्या बागांचाही जनक ठरतो. सफरचंदाखेरीज येथील राजमा प्रसिद्ध आहे. शेजारच्या बगोरी गावात जाड भोटिया जमातीचे लोक राहतात. १९६२ च्या युद्धामुळे त्यांना सीमेलगतची नेलांग व जाडुंग ही गावे सोडावी लागली. जवळच्या मुखबा गावात हिवाळ्यात गंगोत्रीच्या गंगादेवीची उत्सवमूर्ती असते. ५ ऑगस्ट २०२५ रोजी खीरगाड या उपप्रवाहातून आलेल्या मलब्याच्या लोंढ्याने जवळच्या धराली गावाचा बाजार गाडला गेला.