जन्मजात हृदयदोष : नेहमीची वाट बंद असताना कॅथेटर-उपचार

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मतः असलेले छिद्र छाती न उघडता बुजवणे आज अनेक देशांत नित्याचे झाले आहे. जन्मजात दोषांवरील कॅथेटर-उपचारांचा पाया घालणाऱ्यांत विल्यम रॅशकिंड अग्रणी होत. १९६६ मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी फुग्याच्या कॅथेटरने नवजात अर्भकांच्या याच पडद्यातील वाट रुंद करण्याची पद्धत मांडली. छिद्र बुजवणाऱ्या ॲम्प्लॅट्झर उपकरणाला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली.

सर्वसाधारणपणे जांघेतील शिरेतून कॅथेटर अधोमहाशिरेत व तेथून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात नेतात. निटिनॉल या मिश्रधातूच्या तारांनी विणलेल्या दोन चकत्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना उघडल्या की छिद्र झाकले जाते. बैठक नीट नसेल तर उपकरण सुटे करण्यापूर्वी परत ओढून घेता येते. पुढील काही महिन्यांत त्यावर शरीराचे स्वतःचे अस्तर चढते.

काही बालकांत मात्र अधोमहाशीर मध्येच खंडित असते. शरीराच्या खालच्या भागातील रक्त ॲझिगस शिरेतून वळसा घेऊन वरून हृदयात येते. जांघेतून निघालेला कॅथेटरही त्याच वळशाने जातो आणि छिद्राशी योग्य कोन साधणे कठीण होते. अशा वेळी मानेतील शीर किंवा त्वचेतून सुई घालून गाठलेली यकृतातील शीर, हे पर्याय असतात. यकृताकडून जाणारी वाट पडद्याकडे बऱ्यापैकी सरळ पोहोचते. तथापि रक्तस्रावाची जोखीम असल्याने सुईने पडलेला मार्ग अखेरीस अनेकदा बुजवावा लागतो. हृदय उजव्या बाजूस असल्यास पडद्यावरील प्रतिमेतील ओळखीच्या दिशाच उलटतात.

वाट सापडली तरी उपकरण टिकण्यासाठी छिद्राभोवती पुरेशी कड लागते. ती अपुरी असल्यास, किंवा फुप्फुसांच्या शिरा चुकीच्या जागी जोडलेल्या असल्यास, शस्त्रक्रियाच बहुधा अधिक सुरक्षित ठरते.

म्हणून पालकांनी आधीच विचारावे : शिरांची रचना इकोबरोबरच सीटी किंवा एमआरआयने तपासली आहे काय? या पर्यायी मार्गाचा चमूला अनुभव किती? गरज पडल्यास शल्यचिकित्सक उपलब्ध आहेत काय? देश बदलणाऱ्या कुटुंबांनी मूळ प्रतिमा, कॅथेटर-अहवाल आणि उपकरणाचे नाव व आकार जपून ठेवावेत. पुढच्या डॉक्टरांना मुलाच्या शिरांचा हाच नकाशा उपयोगी पडेल.