बाहुलीची मान कोण वळवतं?

बाई सरपंच झाली की कोणीतरी म्हणतंच, "ती तर कळसूत्री बाहुली." आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या बायकांनीही हा टोमणा ऐकला आहे. म्हणून आज आम्ही बाहुल्यांचाच इतिहास सांगतो.

कोकणात पिंगुळीचे ठाकर कलावंत दोऱ्यांनी लाकडी बाहुल्या नाचवतात. जपानमध्ये ओसाका शहरात ताकेमोतो गिदायू या गायकाने १६८४ मध्ये बाहुल्यांचं नाट्यगृह काढलं. या खेळाला आज बुनराकू म्हणतात. त्यात दोऱ्या नसतात. १७३४ मध्ये एका बाहुलीला तिघांनी हलवायची रीत आली. एक जण डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. हे तिघंही पुरुषच. स्त्री-बाहुलीला तर बहुधा पायच नसतात. तिसरा माणूस नुसता वस्त्राचा घेर हलवतो, आणि बाई चालल्यासारखी दिसते!

विसाव्या शतकात मुलींसाठी वेगळी रीत निघाली, ओतोमे बुनराकू. यात एकटी मुलगी बाहुली अंगाला बांधते आणि बाहुलीच्या डोक्याच्या दोऱ्या आपल्या डोक्याला. तिने मान वळवली, तरच बाहुलीची वळते.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. तेव्हा मैत्रिणींनो, ठराव आधी आपण वाचू, समजून घेऊ, मगच सही करू.