‘लघु’ कोणाला म्हणायचे?

लघुउद्योगांवरील संशोधन पारखताना निष्कर्षाआधी एक शब्द तपासावा लागतो, तो म्हणजे ‘लघु’. १९५५ मध्ये प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामोद्योग व लघुउद्योगांना संरक्षण देण्याची शिफारस केली. थोड्या भांडवलात अधिक हातांना काम, हा त्यामागील विचार. समितीपुढे प्रामुख्याने हातमाग, तेलघाणी, भातसडी असे उद्योग होते.

१९६१ मध्ये पी. एन. धर आणि एच. एफ. लायडल यांच्या ग्रंथाने या विचाराला आव्हान दिले. आधुनिक यंत्रे वापरणारा छोटा कारखाना उत्पादनाच्या मानाने बहुधा मोठ्यापेक्षा अधिक भांडवल खातो, असे त्यांनी दाखविले. त्यांचा मुख्य आधार होता कारखान्यांची सरकारी गणना. मात्र वीस वा अधिक कामगार असलेले, यंत्रशक्तीवर चालणारे कारखानेच तीत मोजले जात. विणकराच्या घरातला माग तीत नव्हताच.

म्हणजे वाद एका शब्दाचा, पण वस्तू दोन. १९६७ पासून लघुउद्योगांसाठी वस्तू राखीव झाल्या, तेव्हा यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीवरून ठरणारा तिसराच ‘लघु’ पुढे आला. यादी आठशेंवर गेली. उरलेल्या वीस वस्तू २०१५ मध्ये मुक्त झाल्या.

धर-लायडल यांचे आकडे कारखान्यांविषयी मोलाचे आहेत. विणकराविषयी ते मौन पाळतात. त्या मौनाला निष्कर्ष समजणे हा वाचकाचा दोष होय. शब्दाचा अर्थ संदर्भातून लावण्याची साहित्याभ्यासकाची सवय येथेही तितकीच उपयोगी पडते.