ताईला टीव्ही गेम घ्यायचाय

परवा रात्री जेवणं उरकून बसलो होतो, तेवढ्यात बाळापूरहून ताईचा फोन आला. पाऊसपाणी, पऱ्हाटी, आईचे गुडघे असं नेहमीचं सगळं बोलून झालं आणि मग ती एकदम म्हणाली, "काऊन रे, थो टीव्ही गेम आता कोनता घ्या लागते?"

मी म्हटलं, "पोट्टा बारावीत हाय न यंदा? त्याले कायले आता गेम?"

"त्याले कोन घेऊन राह्यलं? मले पाह्यजे. जेवन झालं का अर्धा घंटा खेळीन म्हनलं."

मी हसलो. ती हसली नाही. "पाहून सांग," म्हणाली आणि फोन ठेवला.

मग बसलो नेटवर शोधत. तुम्ही कधी हे शोधलं असेल तर माहीत असेल की या विषयावरचं सगळं लेखन दिवसाला चार-पाच तास खेळणाऱ्यांसाठी असतं. फोर-के, सेकंदाला एकशे वीस फ्रेम, टेराफ्लॉप... जेवणानंतर अर्धा तास खेळणाऱ्या बाईने काय घ्यावं, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. वाचता वाचता लक्षात आलं की हा प्रश्न आमच्या घरात एकदा सुटला होता, 1996 च्या दिवाळीत. तेव्हा मात्र ताईला कुणी विचारलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अकोल्याहून खामगावकडे निघालं की महामार्गावर पंचवीस-एक किलोमीटरवर आमचं गाव. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधे किल्ला, नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. पारसचं औष्णिक वीज केंद्रही आमच्याच तालुक्यात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर त्या दिवाळीला बाबा अकोल्याहून एक खोकं घेऊन आले. किंमत आठशेच्या आसपास असावी. खोक्यावर जपानी-इंग्रजी अशी काहीतरी अक्षरं, आत पांढरं-लाल मशीन, दोन रिमोट (आम्ही रिमोटच म्हणायचो), एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर छापलेलं होतं की हिच्यात 999999 गेम आहेत. मी दहा वर्षांचा होतो, माझा विश्वास बसला. प्रत्यक्षात वीसेक गेम होते. तेच पुन्हा पुन्हा, कुठे मधल्याच टप्प्यापासून सुरू होणारे, कुठे जास्तीचे जीव दिलेले. मारिओ, काँट्रा, बदकं मारायचा गेम, रणगाड्यांचा गेम, मोटारींची शर्यत. आईचं एकच म्हणणं होतं की यानं पिक्चर ट्यूब जाते. बाळापुरात कुणाची ट्यूब गेमने गेलेली मी पाहिली नाही, पण प्रत्येक घरात ही भीती होती.

आता दहा वर्षांच्या मुलाला पडत नाही तो प्रश्न. आठशे रुपयांत हे मशीन आमच्यापर्यंत आलंच कसं? कारण त्याच सुमारास खरीखुरी कंपनीची मशीन भारतात मिळत होती आणि ती आमच्या आवाक्याबाहेर होती. सेगाचं मेगा ड्राइव्ह 1995 मध्ये शॉ वॉलेसने भारतात आणलं (होय, तीच, दारूसाठी ओळखली जाणारी शॉ वॉलेस!). किंमत अठरा हजार रुपये. मास्तरच्या घरात अठरा हजारात लग्नाची निम्मी खरेदी व्हायची. निन्टेंडोचा परवाना घेतलेलं 'समुराई' मशीनही देशात विकलं जात होतं, पण आमच्या गल्लीत ते कुणाकडे पाहिल्याचं आठवत नाही.

याचं उत्तर एका कुलपात आहे. खरं तर नसलेल्या कुलपात.

निन्टेंडोने जपानमध्ये जुलै 1983 मध्ये फॅमिकॉम नावाचं मशीन काढलं. पांढरं-लाल, साठ पिनांची कॅसेट, आठ बिटचा प्रोसेसर. आमच्या मशीनचा रंग त्याचीच नक्कल होता. त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. अटारीच्या मशीनसाठी कुणीही कसलीही कॅसेट काढून विकत होता, दुकानं भरली आणि गिऱ्हाईक विटलं. न खपलेल्या कॅसेट अटारीने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या. 2014 मध्ये त्या उकरून काढल्या, तेव्हा कुठे ती दंतकथा नाही हे लोकांना पटलं. हे सगळं पाहिलेल्या निन्टेंडोने 1985 मध्ये अमेरिकेत मशीन नेताना आत एक छोटी कुलपाची चिप बसवली. मशीनमधल्या चिपचं आणि कॅसेटमधल्या चिपचं जुळलं तरच गेम सुरू होणार. म्हणजे कंपनीच्या परवानगीशिवाय कॅसेट काढणं अवघड.

जपानी फॅमिकॉममध्ये मात्र हे कुलूप नव्हतं. तैवानमधल्या कारखान्यांनी त्याची नक्कल सुरू केली आणि ती नक्कल, वेगवेगळ्या नावांनी, अर्ध्या जगात गेली. रशियात 1992 पासून 'डेंडी' म्हणून विकली गेली. आपल्याकडे 'लिटल मास्टर', 'मीडिया' अशी नावं होती. मॉस्कोतलं पोर आणि बाळापूरचं पोर एकाच वेळी तेच रणगाडे उडवत होते. चोरीचा माल होता, हे कबूल करायला हवं. ज्यांनी मारिओ घडवला त्यांना आमच्या आठशेतला छदामही मिळाला नसेल. पण कुलूपवालं मशीन आमच्याकडे आलंच नसतं, हेही तितकंच खरं.

आणि कॅसेट फिरायच्या! बसस्टँडकडे एका चाचांचं दुकान होतं, तिथे दोन रुपये रोजाने मिळायच्या. त्याहून जास्त आपसात. माझी काँट्रा तू घे, तुझी सर्कस मला दे. कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची (फुंकरीने काही होत नसे, काढून पुन्हा बसवल्यामुळे पिना नीट टेकायच्या. उलट तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजायच्या. हे फार उशिरा कळलं). रोज अर्धा तास खेळणाऱ्याला दहा कॅसेट विकत घ्यायची गरजच नव्हती. गल्लीत दहा घरांत एकेक असली की पुरे.

दोन रिमोटांची एक गंमत होती, तेव्हा ती गंमत वाटत नव्हती इतकंच. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्टची बटणं नव्हती. आमच्या नकलेतही नव्हती. म्हणजे गेम निवडणार, सुरू करणार, मधे थांबवणार, सगळं पहिला रिमोटवाला. मारिओत तर दुसऱ्याची पाळी पहिला मेल्यावर. पहिला रिमोट माझा. ताई चौदा वर्षांची, माझ्यापेक्षा किती तरी चांगली खेळायची, पण तिच्या हातात कायम दुसरा. "चाल लवकर मर," असं ती कंटाळून म्हणायची.

आता आठ-चारचं सांगतो. सुपर मारिओचे आठ जग, प्रत्येकात चार टप्पे, एकूण बत्तीस. सगळा गेम मिळून चाळीस केबी. आज मोबाइलवर काढलेल्या एका साध्या फोटोत साठेक मारिओ मावतील. जागा वाचवायला त्यातले ढग आणि झुडपं एकाच चित्राची आहेत, फक्त रंग बदललेला (आता पाहाल तर दिसेल). शेवटचा टप्पा आठ-चार, त्याच्या शेवटी राजकन्या. आणि खेळ जपून ठेवायची सोय नाही. मशीन बंद झालं की पुन्हा एक-एकपासून.

1997 च्या मे महिन्यात एका दुपारी मी बाबांबरोबर अकोल्याला गेलो होतो. ताई घरी एकटी, पहिला रिमोट तिच्या हाती. आम्ही संध्याकाळी परतलो तर ती ओट्यावर बसलेली, डोळे लाल. म्हणाली, "मी आठ-चारले पोचली होती. आन लाईन गेली."

लाईन म्हणजे वीज. पारसची चिमणी तालुक्यात धूर सोडतेय आणि बाळापुरात लाईन गेलेली, हे आम्हाला नवीन नव्हतं. मला मात्र राग आला. माझ्या माहितीत आठ-चार कुणी पाहिलं नव्हतं, चाचांच्या दुकानातल्या मोठ्या पोरांनीसुद्धा नाही. मी म्हटलं, फेकते. तिने सांगून पाहिलं. तिथे तीच तीच जागा पुन्हा येते, बरोबर नळात शिरलं तरच पुढे जाता येतं, आणि किल्ल्याच्या आत मधेच पाणी लागतं, पोहावं लागतं. किल्ल्यात पाणी! मी गल्लीभर सांगत सुटलो, पोट्टे हसून लोळले. ताईने त्यानंतर रिमोट हातात घेतला नाही. मला वाटलं, दहावीचा अभ्यास असेल.

असो. पुढचं भराभर सांगतो, कारण त्यात ताई नाही. प्लेस्टेशन टू आला, भारतात त्याची किंमत उतरत उतरत सात हजारांच्या खाली आली, 2009 मध्ये हैदराबादच्या लोकांनी त्यावर हनुमानाचा गेम काढला, 'देसी अड्डा'त कबड्डी आणि विटीदांडूही आले. 2013 च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन थांबलं. ताईचं लग्न होऊन ती बाळापुरातच दुसऱ्या गल्लीत गेली होती. मी पुण्यात.

तर आज काय घ्यावं? प्लेस्टेशन फाइव्ह भारतात फेब्रुवारी 2021 मध्ये आला. त्याचे दोन प्रकार, सुरुवातीच्या किमती अशा. डिस्कवाला 49,990, बिनडिस्कचा 39,990. दहा हजार वाचतात म्हणून अधूनमधून खेळणारा नेमका बिनडिस्कचा उचलतो. माझ्या मते तिथेच फसतो. त्यात गेम इंटरनेटवरूनच घ्यायचे. ते शेजाऱ्याला देता येत नाहीत, त्याचे आणता येत नाहीत, कंटाळा आला तर विकता येत नाहीत. एक्सबॉक्स सिरीज एसचंही तेच, त्याला डिस्कची फटच नाही. कुलूप आता चिपमध्ये नाही, खात्यात आहे. रोज खेळणाऱ्याचे पैसे एकवेळ वसूल होतील, ताईचे नाही.

राहिला निन्टेंडोचा स्विच, 2017 चा. निन्टेंडो तो भारतात अधिकृतपणे विकत नाही, बाहेरून आणणारे दुकानदार विकतात. म्हणजे बिघडला तर त्या दुकानदाराच्या शब्दावर भरवसा. हा खरा तोटा आहे, मी तो तिच्यापासून लपवणार नाही. पण मारिओ फक्त त्यांच्याकडे. आणि गेम पुन्हा कॅसेटवर! नखाएवढ्या कॅसेट, पण उसन्या देता येतात, विकता येतात. लहान मुलांनी गिळू नये म्हणून त्यांना कडू लेप लावलेला असतो. (मी चाटून पाहिलं आहे. पाहू नका.) 'लाइट' नावाचा स्वस्त प्रकार घेऊ नये, तो टीव्हीला जोडताच येत नाही. जून 2025 मध्ये स्विच टू आला आहे, तो महाग आहे आणि त्याच्या काही कॅसेटमध्ये गेम नसतोच, नुसती किल्ली असते. गेम नेटवरून उतरवून घ्यावा लागतो. बाळापूरच्या नेटवर ते कोण करत बसणार? जुना स्विच चालेल. बॅटरीवर तीन-चार तास सहज चालतो.

हे सगळं एका कागदावर उतरवून काल ताईला फोन लावला. तिने मधेच तोडलं.

"लाईन गेली तं?"

"बॅटरी हाय. चालूच राह्यते."

"आन मंग पयलेपासून?"

"नाही. जिथं सोडलं तिथून."

ती गप्प. मला एक गोष्ट सांगायची होती, पंधरा-सोळा वर्षं राहून गेलेली. ऑफिसात एकाने कॉम्प्युटरवर जुना मारिओ काढला होता आणि शेवटपर्यंत नेला होता, आम्ही चार-पाच जण मागे उभे होतो. आठ-चार. तीच तीच जागा, मग नळ, मग पाणी. मी डबा अर्धा टाकून जागेवर जाऊन बसलो होतो. तिला मात्र कधी बोललो नाही.

म्हटलं, "ताई, आठ-चारमधी पानी हाय. म्या पाह्यलं."

"मी सांगतलं होतं न तुले," ती म्हणाली. थोडा वेळ काही नाही, मागे कुकरची शिट्टी. मग म्हणाली, "किल्ल्यातच हाय पानी. बरं, थो स्विच का काय थो, अकोल्यात भेटते का पुन्याहून आनतं?"