निजामाचा वारस आणि ऑस्ट्रेलियाचा लोकाचार

सातवे निजाम मीर उस्मान अली खान 1967 मध्ये निवर्तले आणि गादीचा मान त्यांचे नातू मुकर्रम जाह यांच्याकडे आला. 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. पुढे लवकरच त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातील मर्चिसन हाउस हे सुमारे पाच लाख एकरांचे मेंढ्यांचे कुरण विकत घेतले. ज्यांच्यापुढे दरबार वाकत असे, ते तेथे स्वतः बुलडोझर चालवू लागले.

त्या देशात यात नवल नव्हते. 1856 मध्ये मेलबर्नच्या पाथरवटांनी आठ तासांचा कामाचा दिवस मिळविला. 1891 मध्ये लोकर कातरणाऱ्यांनी मोठा संप केला. अंगमेहनतीची लाज न बाळगणे, धन्यालाही नावाने हाक मारणे, हा तेथील लोकाचार अशा लढ्यांतून दृढ झाला.

तथापि या समतेलाही कुंपण होते. लोकसंख्येच्या मोजणीतून मूळ रहिवाशांना वगळणारे संविधानातील कलम 1967 च्याच सार्वमताने गेले. गौरेतरांना प्रवेश नाकारणाऱ्या धोरणाचे अवशेष 1973 मध्ये दूर झाले.

मुकर्रम जाह यांच्या हाती ते कुरण राहिले नाही. 2023 मध्ये इस्तंबूल येथे त्यांचे निधन झाले आणि हैदराबादच्या मक्का मशिदीत दफन झाले. लोकशाही शिकविताना आपण शिक्षकांनी विद्यार्थ्यांस त्या देशाचा श्रमाचा आदर सांगावा, आणि तेथे कोणाला वगळले होते हेही सांगावे.