बातमी उशिरा पोहोचते तेव्हा

पानिपत शहराबाहेर काला अंब हे स्मारक आहे. इथे आंब्याचे एक झाड होते आणि १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर ते काळे पडले, अशी आख्यायिका आहे. आता तिथे स्तंभ उभा आहे. मराठी माणूस इथे येतो तो त्या एका दिवसाची आठवण घेऊन. पण त्या दिवसाआधीचे अडीच महिने कोंडलेल्या छावणीचे होते. लढवय्यांबरोबर बायकामुले होती, यात्रेकरू होते. गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची आशा मावळली. मग उपासमार आणि मेलेल्या जनावरांची दुर्गंधी. मदतीला निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना पराभव कळला तो एका सावकारी पत्रातून, भेलशाच्या आसपास. तोवर सगळे संपले होते.

लढाईत जे बातमीचे मोल, तेच साथीतही असते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत तापाने आणि गाठींनी माणसे दगावू लागली. हा प्लेग आहे, असे स्पष्ट सांगितले ते मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. बंदराचा व्यापार बुडेल या धास्तीने ते नाव उच्चारायलाही अनेकांची जीभ रेटेना. निदान खरे ठरले. हाफकिन मुंबईत आले, लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

पण बातमी लोकांनीच दडवली तर? ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. पुण्यात रँडच्या कारभारात गोरे सोजीर घराघरांत शिरले. देवघर, माजघर काही सुटले नाही. रोगी छावणीत नेला जाईल या भीतीने लोक आजारी माणूस लपवू लागले. झडती वाढली तशी खरी माहिती आटली. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच पुण्याच्या परिसरात सावित्रीबाई फुले रोग्यांना मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोहोचवत होत्या. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्या गेल्या. सोजिराची चाहूल लागताच दार बंद होई. सावित्रीबाईंना ते वाजवावे लागत नसावे.

या दोन्ही गोष्टी पुन्हा घडल्या, त्या पश्चिम आफ्रिकेत. गिनीमध्ये इबोलाचा पहिला रुग्ण डिसेंबर २०१३ मधला मानतात. निदान झाले मार्च २०१४ मध्ये. तोवर रोग सीमा ओलांडण्याच्या बेतात होता. त्या साथीत अकरा हजारांहून अधिक माणसे गेली. ऑगस्टमध्ये लायबेरियाच्या राजधानीतल्या वेस्ट पॉइंट वस्तीला सैनिकांनी वेढा घातला. दंगल उसळली, गोळीबारात एक मुलगा मेला. पुण्याचा धडा तिथे कोणाला ठाऊक असणार?

नायजेरियात मात्र जुलै २०१४ मध्ये डॉ. अमेयो स्टेला अडाडेवोह यांनी एका परदेशी रुग्णात इबोला ओळखला. त्याला सोडा म्हणून दबाव आला, तरी त्यांनी रुग्णालयाबाहेर जाऊ दिले नाही. पोलिओसाठी उभारलेली यंत्रणा लगेच इबोलाकडे वळवली गेली. सुमारे नऊशे संपर्कातल्या माणसांच्या घरी आरोग्यसेवक पुन्हा पुन्हा गेले. वीस रुग्ण, आठ मृत्यू. आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. त्या आठांत अडाडेवोह स्वतः होत्या. २०१७ मध्ये अदिस अबाबात आफ्रिकेचे स्वतःचे रोगनियंत्रण केंद्र सुरू झाले ते या अनुभवातून.

व्हिएगस आणि अडाडेवोह यांच्यात शंभराहून अधिक वर्षांचे अंतर. दोघांनीही केले ते इतकेच : समोरच्या रोग्याकडे नीट पाहिले आणि नको असलेले नाव वेळेत घेतले. प्रयोगशाळा, कायदे, केंद्रे हवीतच. पण त्या यंत्रणेला पहिली खबर देतो तो गावातला डॉक्टर, किंवा घरातले दुखणे न घाबरता सांगणारी एखादी आई. तिला भीती वाटली, तर बातमी पुन्हा पानिपतासारखीच पोहोचते, सगळे संपल्यावर.