बेगमपेठेतील रिकामी खुर्ची

हैदराबाद म्हटले की आपल्या सीमाभागातील जुन्या घरांना निजामाच्या कचेऱ्या आणि रझाकार आठवतात; बेगमपेठचा विमानतळ क्वचितच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे नवशिक्या वैमानिकांची शाळा भरत असे. शिकायचे ते 'टायगर मॉथ'वर. पोलादी नळ्या, लाकूड आणि कापड यांचे हे दुपंखी विमान. पुढे शिक्षक, मागे शिष्य. पुरेशी तयारी झाली की शिक्षक उतरून जाई आणि पोराने एकट्याने एक फेरी मारून यायचे.

त्या पोराला आधी ठाऊक हवे होते ते पुढच्या रिकाम्या खुर्चीविषयी. एका माणसाचे वजन घटले की विमान लवकर जमीन सोडते, झरझर चढते आणि उतरताना टेकायचे सोडून तरंगत राहते. तरीही बसायचे मागेच, नाहीतर तोल बिघडतो. चाकांना ब्रेक नव्हते. वाऱ्याला सामोरे जाऊनच उतरणे बरे. आणि उतरणे फसतेय असे वाटले, तर हट्टाने चाके टेकवू नयेत. इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर जावे. विशीतल्या पोराला यात नामुष्की वाटते, आणि घात तिथेच होतो.

बेगमपेठची प्रवासी वाहतूक २००८ साली शमशाबादला गेली. हवाई दलाची अकादमी शहराबाहेर दुंडिगलला आहे. तिथे २०१३ मध्ये 'पिलाटस' विमाने आली. त्यांत शिष्य पुढे बसतो; रिकामी राहते ती मागची खुर्ची.